खाली इओसेफो होता

सळयांचा गठ्ठा हवेत असतानाच त्याची डावी बाजू नाहीशी झाली. गठ्ठा सुटला नव्हता, साखळी तुटली नव्हती. उजवीकडच्या सळया उन्हात स्वच्छ दिसत होत्या, आणि मग एका जागी त्या संपत होत्या. तिथून पुढे काही नव्हतं. डावीकडचं बंदर नव्हतं, इमारतीची कड नव्हती, तिचा स्वतःचा डावा गुडघाही नव्हता. काळोख असता तर डेल्मा हॉगर्टला निदान घाबरता आलं असतं. हा काळोखही नव्हता. त्या बाजूला जग कधी बनवलंच गेलं नव्हतं, आणि इतकी वर्षं आपण उगाच ते आहे असं समजत होतो, असं काहीतरी. ती जमिनीपासून साठ मीटर वर, टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसली होती. मंगळवार होता. खाली सातव्या मजल्याच्या उघड्या स्लॅबवर इओसेफो उभा होता आणि वॉकीटॉकीवरून नेहमीच्या लाडिक आवाजात सांगत होता, "ये आंटी, ये... हळू... दोन मीटर... दीड..." तिचा हात आपोआप थांबला. "थांब," ती म्हणाली, "वारा आहे." "वारा?" तो हसला. "खाली तर पानसुद्धा हलत नाहीये." "वर आहे. वरचं वेगळं असतं." वेलिंग्टन वाऱ्याचंच शहर, तिथं वाऱ्याबद्दल कुणी वाद घालत नाही.  समोरच्या आकडी घड्याळात डावीकडचे तास तिला दिसत नव्हते, नुसती मिनिटं दिसत होती. सात. आठ. नऊ. दहा. एक टन लोखंड आपल्या हातात आहे आणि आपण ते कुठं आहे हे निम्मंच जाणतो, एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता. मग घड्याळात अकरा उमटले आणि बंदर परत आलं. त्यात फेरी होती, तिच्यामागे फेसाची रेघ होती, सगळं जिथल्या तिथं. तिनं गठ्ठा खाली सोडला. इओसेफोनं साखळी काढली आणि हात वर केला. "लोण्यासारखा उतरवलास आंटी. वारा गेला वाटतं."

तिनं कुणालाही सांगितलं नाही. दुपारी सांगू असं ठरवलं, मग संध्याकाळी खाली उतरल्यावर, मग उद्या सकाळी. खाली उतरायलाच पंधरा मिनिटं लागायची, शिडीमागून शिडी, आणि उतरता उतरता वरची गोष्ट वरच राहायची. तिला माहीत होतं काय होतं ते. दुसऱ्या साइटवरच्या एका ऑपरेटरला वर असताना भोवळ आली होती. त्यानं प्रामाणिकपणे जाऊन सांगितलं आणि आता तो गोदामात बोल्ट मोजतो. चांगला माणूस, पण त्याचं नाव कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. डेल्मा त्रेपन्न वर्षांची होती आणि त्यातली अकरा वर्षं तिनं वर काढली होती. केबिनमध्ये तिचा थर्मास होता, चीजचं सँडविच होतं, लघवीसाठी झाकणाची बादली होती, आणि माणूस नव्हतं. खाली माणसांचं काय करायचं ते तिला कधीच नीट कळलं नाही. वरून ती तिला आवडायची. पिवळ्या टोप्या, छोटे हात, आणि त्या सगळ्यांत इओसेफोची लाल टोपी, जी तिनं दुरून कुठंही ओळखली असती. सहा वर्षं तो तिचा सिग्नलवाला होता. त्यानं "ये" म्हटलं की ती यायची, "बस" म्हटलं की थांबायची. नवऱ्याचंही तिनं इतकं ऐकलं नव्हतं, म्हणून तर तो गेला, असं तिची बहीण कोरल म्हणायची.

आणि तोंड. दोन वर्षांपासून तिचं तोंड लाल व्हायला लागलं होतं. गाल, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या. पुढे डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा. साइटच्या फाटकावर रोज सकाळी श्वास तपासायचं यंत्र असतं. त्यात फुंकायचं, शून्य आलं की आत जायचं. तिचं रोज शून्य यायचं आणि रोज साइटचा मुकादम लॅक्लन यंत्राकडे आणि मग तिच्या तोंडाकडे पाहायचा. एकदा त्यानं यंत्र झटकून पुन्हा फुंकायला लावलं होतं. "मशीन जुनं झालंय गं," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. तिनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तिचा बाप क्लेम जुन्या मोटारी विकायचा आणि दुपारी बारापासून प्यायचा. त्याचंही तोंड असंच विटेसारखं असायचं, आणि गिऱ्हाइकाशी खोटं बोलताना ते आणखी रंगायचं. लहानपणी ती ते दुकानाच्या काचेतून बघायची आणि मनात म्हणायची, मी कधीच अशी होणार नाही. आता आरशात तोच उभा राहायचा. बाप एका सकाळी तोंड धुताना कोसळला आणि गेला. सगळे म्हणाले, दारूनं गेला. तीही तेच म्हणाली. तेव्हा रक्ताची तपासणी कुणी केली नव्हती; करायचं कारणच काय होतं, तोंडावर लिहिलेलं होतं की.

तोंडाचं एक वेळ चाललं असतं, पण अंघोळ. गरम पाण्याखालून बाहेर आलं की पाच मिनिटांत सुरू व्हायचं. आधी मांड्या, मग पाठ, मग दंड. खाज म्हणावी तर खाजवून थांबत नव्हती. कातडीच्या आतून कुणीतरी बारीक सुया बाहेर ढकलत आहे असं वाटायचं, आणि कातडी बघावी तर गुळगुळीत, एक पुरळ नाही, एक डाग नाही. ती टबाच्या काठावर उघडी बसून राहायची, मुठी आवळून, दात आवळून, कधी चाळीस मिनिटं. टॉवेलचा स्पर्शही नको वाटायचा. त्या वेळात ती घराबाहेर विमानं उतरताना ऐकायची. तिचं घर विमानतळाजवळ, लायल बे भागात होतं; तिथं विमानं छपरावरून जातात. एक, दोन, तीन विमानं झाली की कमी व्हायला लागायचं. जुलैच्या ऐन हिवाळ्यात ती गार पाण्यानं अंग पुसून कामावर जायला लागली. डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितला. मग मलम दिलं. मग विचारलं, घरी काही ताण आहे का? "वयाचं असतं गं," कोरल फोनवर म्हणाली. "माझ्याही अंगाची आग होते. पंखा लाव." दिसत नाही ते दुखणं माणूस कुणाला दाखवणार? तिनं सांगायचं सोडून दिलं. सांगायचं सोडण्याची तिला सवय होती. म्हणून त्या मंगळवारी चार मिनिटांसाठी अर्धं जग गेलं, तेव्हा तेही तिनं त्याच जागी ठेवून दिलं, जिथं बाकीचं ठेवलं होतं.

मंगळवारनंतर ती नऊ दिवस काम करत राहिली. हे नऊ दिवस तिला पुढे एकेक करून आठवायचे होते, पण तेव्हा ते नुसते गेले. ती दर थोड्या वेळानं डावा डोळा मिटून पाही, मग उजवा. हुक दिसतोय, दोरी दिसतेय, लाल टोपी दिसतेय. गुरुवारी चार टनांची तयार भिंत उचलायची होती. इओसेफोचा मेहुणा तावो त्या दिवशी पहिल्यांदाच साइटवर आला होता, आणि भिंत जागेवर बसवायला खाली तोच उभा होता. तिच्या बोटांची टोकं निखाऱ्यावर धरल्यासारखी जळत होती, आणि ती शांत आवाजात म्हणत होती, "येतेय. डोकी सांभाळा." भिंत बसली. काही झालं नाही. काहीच झालं नाही, आणि दर वेळी काही झालं नाही की सांगायचं आणखी अवघड होऊन बसायचं, कारण आता फक्त मंगळवार सांगून भागणार नव्हतं, बुधवारही सांगावा लागणार होता, गुरुवारही.

मलम संपलं म्हणून ती दवाखान्यात गेली, दुसऱ्या कशासाठी नाही. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या जागी एक तरुण मुलगी बसली होती. तिनं मलमाच्या चिठ्ठीवर सही करता करता डेल्माच्या हाताकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "हे बोट निळं कधीपासून आहे?" डेल्मानं पाहिलं. उजव्या हाताचं तिसरं बोट, नखापासून पहिल्या पेरापर्यंत, शाई सांडल्यासारखं. "क्रेन चालवते मी. थंडी असते वर." "फेब्रुवारीत? ऐन उन्हाळ्यात?" मुलीनं विचारलं आणि रक्त घ्यायला लावलं. त्याच संध्याकाळी फोन आला. डेल्मा अंडं उकडत होती. मुलगी आवाज सांभाळून बोलत होती, पण घाईत होती. तुमच्या रक्तात लाल पेशी फार जास्त आहेत, रक्त घट्ट झालंय, निम्म्याहून अधिक पेशीच आहेत, पाणी कमी. उद्या सकाळी हॉस्पिटलमध्ये जायचं, कामावर जायचं नाही. "जास्त म्हणजे चांगलं नाही का?" डेल्मानं विचारलं. लोकांना कमी असतं, तेव्हा गोळ्या देतात, एवढंच तिला माहीत होतं.  "इतकं जास्त नाही," मुलगी म्हणाली.

रक्ताच्या डॉक्टरचं नाव मॉइरा क्विल होतं. साठीची, बारीक, पायात धावायचे बूट. ती घाईनं बोलायची आणि सावकाश ऐकायची. "सिगारेट?" "नाही." "खूप उंचावर राहता का कुठं? काम उंचावर?" "हो. साठ मीटर." डॉक्टर मोठ्यानं हसली. "मला तीन हजार म्हणायचं होतं. डोंगरावर हवा पातळ म्हणून रक्त घट्ट होतं लोकांचं. तुमच्या साठ मीटरनं काही व्हायचं नाही." मग तिनं हसणं आवरलं, पोट दाबून पाहिलं, डाव्या बरगडीखाली बोटं थांबवली. "इथं भरल्यासारखं वाटतं? दोन घास खाल्ले की पुरे?" "हो." "रात्री घाम?" "हो." "डोकं?" "जड असतं." आणि मग, कागदावरून मान न उचलता, "गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर खाज येते?"

  दोन वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी आधी विचारलं होतं, तिनं न सांगता, जणू कुणी टबाच्या काठावर शेजारी येऊन बसलं होतं. ती रडायला लागली. अकरा वर्षांत कुणासमोर रडली नव्हती ती या बूटवाल्या बाईसमोर हुंदके देत रडली, आणि डॉक्टर कागदी रुमालाचा डबा सरकवून म्हणाली, "खूपजण रडतात या प्रश्नाला. खरी असते ती खाज. मनाची नसते." तिनं थोडा वेळ जाऊ दिला. मग पुढचा प्रश्न विचारला. "डोळ्यांचं काही? अंधारी, अर्धं दिसणं, काही वेळ न दिसणं?"

"नाही," डेल्मा म्हणाली.

शब्द बाहेर पडल्यावर तिला कळलं. इतक्या लवकर, इतक्या सहज. रुमाल अजून नाकाशी होता. तोंड आधीच लाल होतं, आणखी लाल व्हायला जागा नव्हती. डॉक्टरनं एका चौकोनात रेघ मारली आणि ती पुढे गेली.

दंडातून रक्त घेतलं, मग माकडहाडाजवळून हाडाच्या आतली मज्जा. ती पालथी पडली होती, कुणीतरी कंबरेच्या मागच्या हाडात सुई फिरवत होतं, गिरमिट फिरवतात तशी. दुखत नव्हतं, नुसता दाब होता. मग "आता ओढणार हं" असा आवाज आला आणि पायाच्या टाचेपर्यंत आतून काहीतरी उपसलं गेलं. ती ओरडली नाही. उशीच्या अभ्र्यावर धुण्याचा शिक्का होता, तो ती वाचत राहिली. दोन आठवड्यांनी डॉक्टरनं नाव सांगितलं. पॉलिसायथीमिया व्हेरा. हाडातल्या मज्जेच्या एका पेशीत एक चूक झाली आहे, जन्मानंतर कधीतरी, कुणाचा दोष नाही, आणि ती पेशी थांबायचं विसरली आहे. रक्त बनवतच राहते. "व्हेरा म्हणजे खरा," डॉक्टर म्हणाली. "खोटेही असतात, सिगारेटचे, डोंगरावरचे. हा अस्सल." "कॅन्सर?" "हो. पण संथ. लाखात दोघा-तिघांना होतो. बरा होत नाही, पण सांभाळता येतो. वीस वर्षं, तीस वर्षं. मुख्य भीती गुठळीची. घट्ट रक्त कुठंतरी अडकतं. मेंदूत, हृदयात." डेल्माच्या डोळ्यांसमोर मोरीत कोसळलेला बाप आला. तिनं विचारलं नाही. विचारून काय उपयोग होता? आणि तो निर्दोष निघाला असता तर त्याचं आता तिनं काय केलं असतं? "तुमचं एक बरं आहे," डॉक्टर सांगत होती. "वय साठच्या आत. आणि आजवर गुठळीची एकही खूण नाही, डोळे ठीक. म्हणून केमोची गोळी आत्ता नको. दर आठवड्याला रक्त काढायचं आणि रोज एक ॲस्पिरिन. तसं काही झालेलं असतं तर मी आजच गोळी सुरू केली असती." ती हे सगळं त्या चौकोनातल्या रेघेवर उभं करत होती. डेल्मा त्या रेघेकडे बघत होती. अजूनही एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या टोकाला नऊ दिवस बांधलेले होते, आणि नऊ दिवसांच्या टोकाला ती भिंत, आणि भिंतीखाली तावो.

दर मंगळवारी सकाळी ती हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या निळ्या खुर्चीत बसायची. रँगी नावाचा नर्स होता, हातभर रुंद मनगटांचा माओरी माणूस, इथल्या मूळ लोकांतला. तो जाड सुई घालायचा आणि पिशवी खाली एका झुलत्या ताटलीवर ठेवायचा. तिचं रक्त बाहेर यायला तयार नसायचं. नळीत थांबायचं, काळसर, काकवीसारखं. "जाम झालाय रस्ता," रँगी म्हणायचा. "मूठ आवळा बाईसाहेब, हॉर्न वाजवा जरा." अर्धा तास, कधी पाऊण तास. हात हलवायचा नाही. तिला वाटायचं, केबिनमध्येही ती अशीच बसायची की, एका जागी, हात दांड्यावर. पण तिथं ती हलवायची आणि जग हलायचं. इथं तिच्यातून काढून घेत होते आणि ती मूठ आवळत होती. "हे पुढे कुणाला देता?" तिनं एकदा विचारलं. "कुणाला नाही. जाळतात." तो पिशवीला गाठ मारत होता. "आमच्यातले काहीजण परत मागतात. घरी नेऊन पुरतात, मातीचं मातीला. तुम्हाला हवं?" "मी कुठं पुरू? माझ्याकडे सिमेंटचं अंगण आहे." तो हसला, पण पिशवी त्यानं दोन्ही हातांनी उचलली, आणि दर वेळी तो ती दोन्ही हातांनीच उचलायचा हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

पाचव्या खेपेपासून रक्त पातळ झालं, सरळ वाहायला लागलं. तोंडाचा रंग उतरला. आणि तीही उतरली. जिना चढताना दम लागायचा, दुपारी दोन वाजता पापण्या मिटायच्या, आणि बर्फ खावासा वाटायचा. ती ट्रेमधले बर्फाचे खडे एकामागून एक दातांखाली फोडत बसायची. "लोह संपलंय," डॉक्टर म्हणाली. "मुद्दाम संपवतोय आपण. लोह नसलं की ती पेशी नवं रक्त बनवू शकत नाही. लोहाची गोळी चुकूनही घेऊ नका, दुकानातली टॉनिकंसुद्धा नकोत." म्हणजे असं, डेल्मा बसमधून घरी जाताना विचार करायची. जगायचं असेल तर अशक्त राहायचं. फार बरं वाटलं तर ते वाईट. आणि हे उतरून संपणारं नाही. रक्त वर चढणार, ते खाली आणायचं, पुन्हा चढणार. मरणाची तारीख नाही आणि सुटकेचीही नाही. फुप्फुसाचा, छातीचा कॅन्सर झाला की लोक डोकं कलतं करून बोलतात. कोरलला तिनं सांगितलं तेव्हा कोरल म्हणाली, "तीस वर्षं? अगं, तीस वर्षं तर मलाही कुणी देत नाही." खाज मात्र राहिली. कमी झाली, पण राहिली. आता तिला नाव होतं, एवढंच. नाव असलेली खाज चाळीस मिनिटं सोसणं सोपं असतं का? थोडं असतं. ती तसं स्वतःला सांगायची आणि विमानं मोजायची. पण त्या चाळीस मिनिटांत आता दुसरंही काही आत शिरायचं. बुधवारी किती खेपा झाल्या? सतरा. शुक्रवारी इओसेफो डबा खायला तिथंच सावलीत बसला होता आणि तिनं त्याच्या डोक्यावरून विटांचं पिंप नेलं होतं, कारण तो रस्ता जवळचा होता. माणसाच्या डोक्यावरून भार न्यायचा नसतो. नेला होता.

बाराव्या आठवड्यात डॉक्टर क्विल खूश होती. "रक्तात पेशी चव्वेचाळीस टक्के. पंचेचाळीसच्या खाली. शाबास." तिनं क्रेनच्या परवान्याचा फॉर्म पुढे ओढला. ती स्वतःच भरत होती, भराभर. रक्तदाब. ऐकू येणं. मग चौदावा प्रश्न आला. गेल्या वर्षात दृष्टी जाण्याचा प्रसंग. "हे तर आपण विचारलंय," ती पुटपुटली आणि खूण करून पुढच्या ओळीवर गेली. विचारलं असतं तर! डेल्मा वाट बघत होती की ती विचारेल. पुन्हा विचारलं असतं तर कदाचित या वेळी तोंडातून खरं निघालं असतं. पण एकदा विश्वास ठेवला की माणसं पुन्हा विचारत नाहीत. सही झाली. "सोमवारपासून जा वर," डॉक्टर म्हणाली, "आणि पाणी भरपूर प्या." डेल्मानं आभार मानले. खाली फुटपाथवर आल्यावर ती थांबली. हातात कागद होता, खरा, शिक्क्याचा. तिला वर जायला कुणी अडवणार नव्हतं, आणि अडवावं असं आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं.

रविवारी दुपारी दार वाजलं. इओसेफो होता. चर्चमधून सरळ आलेला, पांढरा सदरा, पांढरी लुंगी, हातात टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. लाल टोपीशिवाय तो तिला आधी ओळखूच आला नाही, वरून पाहायची सवय. त्याच्या केसांत पांढरं होतं. "शेवयांचं मटण," तो म्हणाला. "बायकोनं दिलंय. म्हणाली, तुझी आंटी हवेवर जगते. अरे वा! तोंड बघ, गोरी झालीस की." तो आत आला, बूट दाराशी काढले, खुर्चीत बसला आणि खुर्ची करकरली. "लॅक्लननं सांगितलं, डॉक्टरनं सोडलं म्हणून. मी आख्ख्या चर्चला सांगितलं. दर रविवारी प्रार्थनेत तुझं नाव घेत होतो आम्ही, माहितीय?" "नाही." "मग! फुकट नाही बरी झालीस. आणि तो नवा पोरगा आणलाय तुझ्या जागी, देवा रे. प्यायलेल्यासारखा हलवतो. काल मी लॅक्लनला सांगितलं, सोमवारी आंटी वर असेल तर मी खाली उभा राहतो, नाहीतर घरी जातो. आता बारावा मजला आहे. मी कुणाच्याही खाली उभा राहणार नाही म्हटलं."

ती उभीच होती. पातेल्याची ऊब टॉवेलातून तिच्या हातांना लागत होती. तिनं ते ओट्यावर ठेवलं आणि परत वळली. "इओसेफो, फेब्रुवारीत एक मंगळवार होता. मी वारा आहे म्हणाले."

"असेल. तू रोजच म्हणतेस."

"वारा नव्हता. मला दिसत नव्हतं."

तो अजून हसत होता, ऐकलेलं चेहऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. "काय दिसत नव्हतं?"

"अर्धं. डावीकडचं सगळं. चार मिनिटं. सळयांचा गठ्ठा वर होता आणि तू खाली होतास."

बाहेर एक विमान आलं, खिडक्या थरथरल्या, गेलं. इओसेफोनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मग थांबलीस ना तू. तू थांबलीस म्हणजे झालं." तो तिला वाट काढून देत होता, नेहमीसारखा, हळू, दोन मीटर, दीड. तिला ते दिसलं. ती म्हणाली, "त्यानंतर नऊ दिवस मी काम केलं. पुन्हा होईल का ते माहीत नव्हतं. माहीत असून केलं म्हणजे, माहीत नाही हे माहीत असून."

त्याचे ओठ हलत होते, तो दिवस मोजत होता. तिनं मोजू दिलं. "ती भिंत," तो शेवटी म्हणाला. "गुरुवारी."

"हो."

"तावो होता."

"हो."

"त्याला मी आणलं होतं. माझी बहीण नको म्हणत होती. मी तिला म्हटलं, भिऊ नकोस, वर आंटी आहे." तो उठला. घर अचानक लहान झालं. "डॉक्टरला सांगितलंस?"

"नाही. विचारलं होतं, मी नाही म्हणाले. तिनं त्यावरून सही केलीय."

"लॅक्लनला?"

"कुणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा."

"मला का? माझ्याकडे काय आहे, सही आहे? शिक्का आहे? मी काय करू हे घेऊन?" त्याचा आवाज चढला, मग त्यानं तो खाली दाबला, आजारी माणसाच्या घरात आहोत हे आठवल्यासारखा, आणि त्यामुळे ते आणखी भयंकर झालं. "दर रविवारी तुझं नाव घेतलं मी, डेल्मा."

सहा वर्षांत त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. "खाली तू होतास," ती म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही. "उद्या वर जाणार नाही मी. सकाळी डॉक्टरकडे जाते. नंतर लॅक्लनकडे."

"जाशीलच. नाही गेलीस तर मी जाईन." तो दाराशी गेला आणि वाकून बूट घालू लागला. नाडी बांधायला त्याला वेळ लागला, बोटं जाड होती, किंवा दिसत नव्हतं. ती मागे उभी होती. माफ कर म्हणावं की नाही तिला कळत नव्हतं. म्हटलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि आजवर तिनं त्याच्यावर जे टाकलं होतं ते काय कमी होतं. तरी ती म्हणाली. हळू म्हणाली, त्याच्या पाठीला.

तो सरळ झाला. वळला नाही. "करीन मी," तो म्हणाला. "मला करावंच लागेल, आमच्या देवाचं तसं आहे. पण आज नाही."

तो फाटकापर्यंत गेला, गाडीत बसला. तिनं दार लावलं नाही. गाडी सुरू झाली नाही. काचेमागे त्याचा पांढरा सदरा दिसत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान खाली, आणि तो रडत होता की प्रार्थना करत होता की नुसता बसला होता ते इतक्या अंतरावरून कळत नव्हतं. तिच्या पायांत पेटके येत होते, दम लागत होता, आत जाऊन बसायला हवं होतं. ती तिथंच उभी राहिली.